डॉर्चेस्टरवरच्या चार चॅप्लेनांची स्मृतिपाटी: मजकुरापासून स्क्रूपर्यंत

आधी मजकूर पक्का करा. ब्राँझ एकदा ओतलं की चूक खोडता येत नाही.

चॅप्लेन म्हणजे सैन्यातले धर्मगुरू. ते चौघे ज्यावर होते त्या डॉर्चेस्टर या अमेरिकी जहाजाला ग्रीनलंडजवळ जर्मन पाणबुडी यू-२२३चा टॉर्पेडो लागला तो ३ फेब्रुवारी १९४३ रोजी, मध्यरात्रीनंतर १२.५५च्या सुमारास. 'रात्र' म्हणून २ तारीख लिहिली जाते, ती चूक. जहाजावर ९०२ जण होते, वाचले सुमारे २३०. मृतांचा आकडा याद्यांनुसार थोडा हलतो. तो पाटीवर नकोच. मुख्य वाक्य एकच ठेवा: चौघांनी आपली लाइफ जॅकेट इतरांना दिली.

जॉर्ज फॉक्स मेथडिस्ट, अलेक्झांडर गुड रबाय (ज्यू धर्मगुरू), क्लार्क पोलिंग रिफॉर्म्ड चर्चचे, जॉन वॉशिंग्टन कॅथलिक. चौघेही फर्स्ट लेफ्टनंट, त्यामुळे हुद्द्याने क्रम लागत नाही. इंग्रजी आडनावाप्रमाणे लावा. सर्वांना सरसकट 'फादर' लावू नका.

चिन्हांत हमखास घोळ होतो. तिघांना क्रॉस, गुड यांना दहा आज्ञांचे दोन शिलापट आणि वर डेव्हिडचा तारा. त्या काळच्या चिन्हात शिलापटांवर रोमन आकडे होते, हिब्रू अक्षरं १९८०च्या दशकात आली. आजचा नमुना पाहून साचा केला की १९४३ची पाटी खोटी पडते.

पदकांत 'मेडल ऑफ ऑनर' (अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक) लिहू नका. चौघांना मरणोत्तर डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस आणि पर्पल हार्ट मिळालं. काँग्रेसने १९६०मध्ये वेगळं शौर्यपदक मंजूर केलं, ते जानेवारी १९६१मध्ये देण्यात आलं.

२४ बाय १८ इंची पाटीवर पन्नासेक शब्द पुरेत: नावं एक इंच उंच, बाकी मजकूर अर्धा इंच. याहून बारीक अक्षरं काही वर्षांत डागांत बुडतात.

दगड ग्रॅनाइटच घ्या. संगमरवर पावसाने झिजतो. स्क्रू ब्राँझचे किंवा स्टेनलेसचे. साधं लोखंड ब्राँझला टेकलं की खाऱ्या हवेत तेच आधी गंजतं आणि पाटी सुटते. भोकं पाडताना हातोड्याची मशीन कडेजवळ लावू नका, ग्रॅनाइटचा टवका उडतो. स्क्रू इपॉक्सीत (घट्ट धरणाऱ्या चिकटद्रव्यात) बसवा. सिलिकॉन वरच्या व बाजूच्या कडांना. खालची कड मोकळी सोडा, नाहीतर मागे पाणी साचतं.

समुद्रकाठी वर्षातून दोनदा साध्या पाण्याने मीठ धुवा, पाटी कोरडी करा, उन्हात कोमट झाली की पारदर्शक मेण चोळा. लॅकर (वार्निशसारखा लेप) चकचकीत दिसतो, पण तडकला की त्याखाली काळे डाग धरतात.