लग्नामुंजीच्या जुन्या डीव्हीडी कम्प्युटरवर घ्यायच्या तर क्वालिटी कशी सांभाळायची

दिवाळीत इंदूरला घरी गेलो तेव्हा आईने कपाटाच्या वरच्या फळीवरून एक डबा काढून दिला, आत ४२ डिस्क. ताईचं लग्न, दोन मुंज्या, आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन, आणि राजवाड्याजवळच्या काकांच्या गच्चीवरून घेतलेली रंगपंचमीची गेर, म्हणजे आमच्याकडची रंग उधळत जाणारी मिरवणूक. आमच्या व्हिडिओवाल्याने टेप केव्हाच दुसऱ्या लग्नाला वापरून टाकल्या होत्या, म्हणजे आता जे काय आहे ते या डिस्कवरच. आणि घरी बर्न केलेली डीव्हीडी ही बाजारातल्या पिक्चरच्या डीव्हीडीसारखी छापलेली नसते, तिच्यात रंगाचा एक थर असतो त्यावर लेझरने लिहिलेलं असतं, तो थर उन्हाने गरमीने खराब होतो. त्यामुळे तुमच्याकडे असा डबा असेल तर उन्हाळ्याची वाट बघू नका.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, डिस्कमधला व्हिडिओ काढणं वेगळं आणि तो छोटा करणं वेगळं. लोक दोन्ही एकदम करतात आणि तिथेच घोळ होतो. डीव्हीडीवरचा व्हिडिओ जागा वाचवायला एमपेग-२ नावाच्या पद्धतीने आधीच दाबलेला असतो, तो परत दाबला की थोडंफार काहीतरी जातंच, मग सेटिंग कितीही भारी असो. म्हणून पहिली कॉपी जशीच्या तशी घ्यायची. मी मेकएमकेव्ही नावाचं सॉफ्टवेअर वापरतो, ते व्हिडिओला हात न लावता नुसता एमकेव्ही फाइलमध्ये भरून देतं. पण त्याच्या सेटिंगमध्ये १२० सेकंदांपेक्षा छोटे टायटल, म्हणजे डिस्कवरचे व्हिडिओचे तुकडे, सोडून द्यायचं आधीपासून ठरवलेलं असतं, पिक्चरसाठी ठीक आहे पण घरच्या डिस्कमध्ये एखादी दीड मिनिटाची क्लिपच आजीची असू शकते, तर तो आकडा शून्य करा. जागेची काळजी करू नका, साधी डीव्हीडी कम्प्युटरवर जास्तीत जास्त ४.३७ जीबी दिसते, माझ्या ४२ च्या ४२ पूर्ण भरलेल्या धरल्या तरी १८४ जीबीच होतात.

डिस्क अडकायला लागली तर मऊ कपड्याने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. तरी नाही वाचली तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा, एका ड्राइव्हने नाकारलेली डिस्क दुसरा वाचतो असं खूपदा होतं. त्याच्यापुढे लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू हे खराब डिस्कमधला डेटा काढायचं सॉफ्टवेअर, ते आधी चांगला भाग उचलतं मग खराब जागी परत परत प्रयत्न करतं, आणि कुठवर झालं त्याची नोंद ठेवतं, म्हणून राहिलेले तुकडे तीच नोंद वापरून दुसऱ्या ड्राइव्हवरून भरता येतात. कॅमेऱ्यातली ती छोटी ८ सेंटिमीटरची डिस्क कम्प्युटरला रिकामी दिसत असेल तर बहुतेक ती फायनलाइझ केलेली, म्हणजे दुसऱ्या मशीनवर वाचता येईल अशी बंद केलेली नसते, जुना कॅमेरा चालू असेल तर त्यातच ते करून घ्या. आणि ती छोटी डिस्क ट्रे नसलेल्या, नुसती फट असलेल्या ड्राइव्हमध्ये अजिबात घालू नका, अडकून बसते.

आता छोटी कॉपी, ती हँडब्रेक नावाच्या व्हिडिओ छोटा करायच्या सॉफ्टवेअरमध्ये. पहिल्यांदा मी दोन तासांचं लग्न ७०० एमबीत बसवलं होतं, सुरुवातीला छान दिसलं पण मंगलाष्टकं आली आणि सावधान म्हटल्यावर अक्षता उडाल्या त्या क्षणी सगळं चौकोन चौकोन, ताईचा चेहरासुद्धा नीट दिसेना, फार वाईट वाटलं मला. कारण असं की प्रोग्राम आधीच्या फ्रेममधून जे बदललं नाही ते परत वापरून जागा वाचवतो, आणि अक्षता किंवा गेरमधला गुलाल उडतो तेव्हा प्रत्येक फ्रेम सगळीकडून बदलते. म्हणून साइज ठरवू नका, क्वालिटी ठरवा. हँडब्रेकमध्ये एन्कोडर (व्हिडिओ दाबणारा भाग) एक्स२६४, क्वालिटीचा आकडा म्हणजे आरएफ १८, वेगाचा प्रीसेट स्लो. आकडा जितका कमी तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी, २० पर्यंत चालतं, त्याच्या वर मी जात नाही. ग्राफिक्स कार्डाचा एन्कोडर फास्ट असतो पण तेवढ्याच साइजमध्ये चित्र कमी प्रतीचं देतो, त्यापेक्षा रात्री लावून झोपा.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र डीइंटरलेसमध्ये, म्हणजे गुंफलेल्या ओळी सुट्या करण्यात होतं आणि याच्याबद्दल कोणी बोलत नाही. आपल्याकडच्या डीव्हीडी पाल पद्धतीच्या, ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, पण एका फ्रेममध्ये दोन वेगवेगळ्या क्षणांच्या ओळी एकात एक गुंफलेल्या, म्हणजे खरं तर ५० क्षण. तसंच ठेवलं तर हलणाऱ्या हाताला कंगव्यासारख्या रेघा येतात, २५ वर आणलं तर अर्धी हालचाल गेली. हँडब्रेकच्या डीइंटरलेसमध्ये बीडब्ल्यूडीआयएफ हा फिल्टर निवडून बॉब करा, म्हणजे प्रत्येक क्षणाची वेगळी फ्रेम होते, आणि फ्रेमरेट ५० ठेवा, नाचणारी माणसं खरंच डोळ्यासमोर नाचल्यासारखी दिसतात. क्रॉप (कडा कापणं) बंद, डीनॉइज (चित्रातले दाणे पुसणं) बंद, साइज वाढवून एचडी करायच्या भानगडीत पडू नका.

पूर्ण डिस्क लावायच्या आधी अक्षतांचा एक मिनिट काढून टेस्ट करा, टीव्हीवर मूळ कॉपीशेजारी बघा, तिथे पास झालं की बाकी सगळं पासच.

मूळ एमकेव्ही फाइली दोन हार्डडिस्कवर, एक आईकडे एक माझ्याकडे. छोट्या एमपी४ आत्या-मावश्यांना पेनड्राइव्हमध्ये दिल्या, फक्त पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या फॉरमॅटचा असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल तो घेत नाही, एक्सफॅट या फॉरमॅटमध्ये करून टीव्हीवर चालतोय का ते आधी बघून घ्या.