काळ्या रानातलं गावचं सांडपाणी: शोषखड्डा नको, तळी खोदा

सोलापूरच्या काळ्या मातीत शोषखड्डा फार दिवस टिकत नाही. माती फुगली की पाणी जिरायचं थांबतं. पण हीच माती तळ्याचा तळ छान धरून ठेवते, म्हणून सांडपाणी साफ करायला गटाराच्या टोकाला तीन तळी खोदावीत.

आधी हिशोब. १००० वस्ती, माणशी ५५ लिटर पाणी, त्यातलं ८० टक्के गटारात येतं: म्हणजे रोज ४४ घनमीटर.

तोंडाशी २० मिलिमीटर फटीची सळ्यांची जाळी लावा. ती रोज दाताळ्याने साफ करायची. शाम्पूच्या पुड्या आणि केसांचे गुंते तिथेच अडतात. पुढे गाळ बसायला छोटी टाकी. मग पहिलं तळं २.५ मीटर खोल, दोन दिवसांचं पाणी मावेल एवढं, म्हणजे ८८ घनमीटर. दुसरं १.५ मीटर खोल, पाच दिवसांचं: २२० घनमीटर. तिसरं मीटरभर, तीन दिवसांचं.

तळाची माती ओली करून थरांनी दाबा आणि लगेच पाणी सोडा. तळ वाळला तर हात जाईल एवढ्या भेगा पडतात, मग पाणी खालीच जातं.

दुसऱ्या तळ्यातलं पाणी शेवाळाने हिरवंच हवं. गुलाबी झालं तर मैला जास्त येतोय. बहुतेक वेळा पहिलं तळं गाळाने भरलेलं असतं. त्यात एकतृतीयांश गाळ साचला की उपसा. जलपर्णी दिसताक्षणी काढा, ऊन अडलं की शेवाळ मरतं. काठाचं गवतही कापा, डास तिथेच होतात.

शेवटचं पाणी कडवळाला, म्हणजे चाऱ्याच्या ज्वारीला द्या, कोथिंबीर-मेथीला नको.