महाविद्यालयीन फुटबॉल प्रशिक्षक होण्याची तयारी कशी करावी

सोलापुरात फुटबॉल खेळलेल्या अनेक तरुणांना आपल्या महाविद्यालयाच्या संघाचे प्रशिक्षक व्हावेसे वाटते आणि आपण खेळलो आहोत एवढी पुंजी त्यासाठी पुरेल, असा त्यांचा समज असतो. खेळण्याचा अनुभव हवाच. परंतु चेंडूवर स्वतः ताबा मिळवणे आणि तो ताबा दुसऱ्याला शिकवणे या दोन निराळ्या विद्या आहेत. म्हणून खेळत असतानाच एक वही ठेवावी आणि कोणत्या सरावाने पास सुधारला, प्रशिक्षकांच्या कोणत्या सूचनेने गोंधळ वाढला, हे त्याच संध्याकाळी लिहून काढावे.

पात्रतेच्या वाटा दोन आहेत. प्रशिक्षणासाठी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या डी परवान्यापासून सुरुवात करून पुढे सी, बी आणि ए अशी चढण असते. महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालकाचे कायम पद हवे असेल, तर शारीरिक शिक्षणातील पदव्युत्तर पदवी किमान 55 टक्के गुणांनी मिळवून साधारणपणे नेट किंवा सेट ही अध्यापनाची पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते.

खरी कसोटी अध्यापनात लागते. सोलापूरच्या संघात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी मुले एकत्र असू शकतात. अशा वेळी लांबलचक व्याख्यान वाऱ्यावर जाते. सूचना दोन-तीन शब्दांची ठेवावी, ती आधी स्वतः करून दाखवावी आणि एका वेळी एकच चूक सुधारावी. वीस मुलांची रांग लावून एकेकाला चेंडू देण्यापेक्षा लहान मैदानात चार विरुद्ध चार असा खेळ लावला, तर प्रत्येकाचा पाय चेंडूला कितीतरी अधिक वेळा लागतो आणि निर्णयही त्यालाच घ्यावे लागतात. वेळापत्रक मात्र गावाकडे पाहून आखावे : जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या गड्ड्याने, म्हणजे जत्रेने, शहरातील होम मैदान व्यापलेले असते, तर एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडत असल्याने सराव पहाटेच उरकावा लागतो.

क्रीडा मानसशास्त्राकडे आपल्याकडे सामन्याआधीचे जोशपूर्ण भाषण म्हणून पाहिले जाते, हे मला पटत नाही. यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी 1908 मध्ये मांडलेल्या निष्कर्षाचा (प्रयोग उंदरांवर होता, हे विसरू नये) खेळासाठी घेतला जाणारा अर्थ असा की, उत्तेजना एका मर्यादेपर्यंत उपयोगी पडते आणि पुढे, विशेषतः अवघड कामात, कामगिरी बिघडवते. आधीच थरथरणाऱ्या गोलरक्षकाला आणखी पेटवण्यात म्हणूनच अर्थ नाही. त्याला सावकाश श्वास सोडायला सांगून पहिला सोपा पास कोणाला द्यायचा एवढेच ठरवून द्यावे. 11 मीटरवरून पेनल्टी मारणाऱ्याने कोपरा आधी निवडावा, मागे जाण्याची पावले रोज तितकीच ठेवावीत आणि शिट्टी वाजताच धावत सुटू नये. हा क्रम सरावाच्या शेवटी, पाय थकलेले असताना घोटून घ्यावा. चूक झाल्यावर मैदानाबाहेरून ओरडू नये, कारण त्या क्षणी मुलाला आपला आवाज ऐकू येतो, सूचना नव्हे.

एखाद्याची झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल किंवा तो संघापासून तुटत चालला असेल, तर ते काम प्रशिक्षकाच्या आवाक्याबाहेरचे समजावे. त्यासाठी समुपदेशकाचा दूरध्वनी क्रमांक त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.