घर आणि धंदा एकाच बिलात? खर्च दाखवताना या चुका टाळा

मी इंदूरला राजेंद्रनगरमध्ये घरूनच फराळाचं काम करते, चकली, चिवडा, अनारसे, दिवाळीच्या दीड महिना आधीपासून घरात दुसरा विषय नसतो. कंपनी वगैरे काही नाही, माझ्याच पॅनवर सगळं, म्हणजे प्रोप्रायटर. पहिल्या वर्षी जुलैमध्ये इन्कम टॅक्सचं रिटर्न भरायला बिलांची पिशवी घेऊन सीए काकांकडे गेले. त्यांनी हाताला लागलेलं पहिलंच बिल काढलं, सियागंजचं (इथला किराण्याचा बाजार), त्यात बेसन, तेलाचे डबे, पोहे आणि त्यातच आमची तूरडाळ, चहापत्ती, साबण. "यातलं धंद्याचं किती?" मला सांगताच येईना, कारण बेसनाचे लाडूही झाले होते घरात आणि तेल तर एकाच डब्यातून दोन्हीकडे गेलं होतं. अशी जवळजवळ अर्धी पिशवी त्यांनी बाजूला ठेवली. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत उभं राहून तळलेल्या मालाचा खरा खर्च होता तो, आणि दाखवता आला नाही, हे मला फार लागलं.

घरचा आणि धंद्याचा मिळून असलेला खर्च दाखवताच येत नाही असं बऱ्याच जणींना वाटतं, तसं नाहीये. 1961 च्या इन्कम टॅक्स कायद्यात कलम 37 म्हणतं की खर्च पूर्णपणे धंद्यासाठीच असला पाहिजे आणि खाजगी नको, पण कलम 38 मध्ये जागा, मशीन, फर्निचर थोडं घरी थोडं धंद्यात वापरलं तर योग्य तेवढा हिस्सा धरायची सोय आहे. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा कायदा लागू झालाय, कलमांचे नंबर बदललेत, तत्त्व तेच. प्रश्न हिस्सा धरण्याचा नाहीये, तो हिस्सा कुठून आला हे सांगता येण्याचा आहे. आणि ते खर्च होतो त्याच दिवशी लिहिलं तरच सांगता येतं, जुलैमध्ये आठवून नाही.

पण त्याच्याही आधी एक बघा. तुमचं रिटर्न 44एडीमध्ये (छोट्या धंद्यांना अंदाजे नफ्यावर टॅक्स भरायची सोय, हा नंबर जुन्या कायद्यातला) भरलं जातं का? तसं असेल तर विक्रीच्या 8 टक्के, आणि बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या पैशावर 6 टक्के, हा कमीत कमी नफा धरतात (खरा नफा जास्त असेल तर जास्त दाखवायचा) आणि मग पेट्रोल, लाईट, घसारा (वापराने दरवर्षी कमी होणारी वस्तूची किंमत) काहीही वेगळं वजा होत नाही. आमच्या रामबागेतल्या एका मैत्रिणीने वर्षभर एकेक पावती जपून ठेवली, आणि शेवटी कळलं की तिचं रिटर्न 44एडीचंच आहे. आधी विचारून घ्या. आणि एकदा 44एडी घेऊन मधेच सोडलं तर पुढची पाच वर्षं परत त्यात येता येत नाही, त्यामुळे या वर्षी खर्च जास्त दिसतोय म्हणून उगाच उडी मारू नका.

आता सगळ्यात कॉमन चूक, "अर्धं अर्धं लिहून टाक". मोबाईल 50 टक्के, स्कूटर 50 टक्के, लाईट 50 टक्के. कोणी विचारलं की 50 च का, तर उत्तर नाही. मी स्कूटरच्या डिकीत एक छोटी डायरी ठेवलीय, डिलिव्हरीला निघताना किलोमीटरचा आकडा, परत आल्यावर आकडा, आणि समोर "तिलकनगर, 3 ऑर्डर" एवढंच. एखाद्या महिन्यात 600 किलोमीटर झाले आणि त्यातले 420 डिलिव्हरी आणि सामान आणण्याचे असले तर 70 टक्के. मग पेट्रोल, सर्व्हिसिंग, इन्शुरन्स सगळ्याचे 70 टक्के. घसाराही तसाच, स्कूटरवर 15 टक्के घसारा असतो, म्हणजे 80,000 च्या गाडीवर पहिल्या वर्षी 12,000 आणि त्याचे 70 टक्के 8,400 (वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापरली असेल तर पहिल्या वर्षी अर्धाच). हप्त्यावर घेतली असेल तर पूर्ण हप्ता खर्चात टाकू नका हं, फक्त व्याज, तेही हिश्श्यानेच. ट्रॅफिकचा चालान मात्र डिलिव्हरीला जातानाच फाटला असला तरी चालत नाही, दंड हा धंद्याचा खर्च धरत नाहीत.

सामानाचं मी आता सोपं केलंय. सियागंजात काउंटरवरच सांगते, "भैया, घर का अलग, काम का अलग बिल बना दो", सुरुवातीला कुरकुर करायचे, आता स्वतःच विचारतात. तेलाचा कामाचा डबा वेगळा, त्यावर खडूने तारीख. कामाच्या मालातला एक किलो चिवडा नणंदेकडे गेला तर तोही वहीत, लागतीच्या किमतीला, ड्रॉइंग म्हणून, म्हणजे धंद्यातून घरासाठी काढलेलं.

पैसे देताना रोख किती देताय ते बघा. एका दिवसात एकाच व्यापाऱ्याला 10,000 च्या वर रोख दिले तर तो पूर्ण खर्च नामंजूर होतो, फक्त वरचा भाग नाही. आणि त्याच दिवशी 9,000-9,000 ची दोन बिलं केली तरी बेरीजच धरतात. दिवाळीच्या गर्दीत 18,000 चं बेसन-तेल रोखीत घेतलं की झालं, माल खरा, बिल खरं, आणि खर्च शून्य.

गॅसबद्दल स्पष्टच बोलते कारण यात मीही चुकले होते. घरचा 14.2 किलोचा सिलेंडर धंद्याला वापरायला परवानगीच नाही, आणि कायद्याने मनाई असलेल्या गोष्टीवरचा खर्च वजाही होत नाही. 19 किलोचा कमर्शियल घ्या, महाग पडतो हे मान्य, पण तो पूर्ण खर्चात जातो आणि टक्केवारीची कटकटच राहत नाही.

घर भाड्याचं असेल तर खोल्यांच्या हिशोबाने करा, चार सारख्या खोल्यांपैकी एक फक्त कामाला असेल तर 12,000 भाड्यातले 3,000. तीच खोली रात्री झोपायला असेल तर वेळही धरा. स्वतःचं घर असेल तर स्वतःलाच भाडं दिलं असं दाखवता येत नाही, दुरुस्ती आणि नगर निगमच्या टॅक्सचा हिस्सा मात्र येतो. घर सासऱ्यांच्या नावावर असेल तर भाडं बँकेतून द्या, बाजारभावाला धरून, आणि ते त्यांच्या रिटर्नमध्ये दिसलं पाहिजे.

स्वतःचा पगार, मुलांची फी, एलआयसी, घरच्यांचा मेडिक्लेम, लग्नाची साडी हे धंद्याच्या खर्चात येत नाही. आणि जीएसटी नंबर असेल तर इनपुट क्रेडिटही (खरेदीवर दिलेला जीएसटी वजा करून मिळतो तो) फक्त धंद्याच्या हिश्श्याचंच.

आधीच जास्त खर्च लिहून रिटर्न भरलंय? नोटीस यायची वाट बघू नका. मुदत असेल तर रिव्हाइज्ड, म्हणजे सुधारलेलं रिटर्न भरा. ती गेली असेल तर अपडेटेड रिटर्न असतं, मूळ रिटर्न ज्या आर्थिक वर्षात भरायचं होतं ते संपल्यापासून 48 महिन्यांपर्यंत, त्यात राहिलेला टॅक्स आणि व्याज, त्यावर 25 ते 70 टक्के जास्तीचा, जितका उशीर तितका जास्त. उत्पन्न कमी दाखवल्याचं नंतर टॅक्सवाल्यांनी पकडलं तर त्या टॅक्सवर 50 टक्के दंड, आणि मुद्दाम खोटं दाखवलं असं ठरलं तर 200 टक्के. उलटं झालं असेल, म्हणजे माझ्यासारखा खरा खर्च राहून गेला, तर तो अपडेटेडमध्ये घालून टॅक्स कमी करता येत नाही, रिव्हाइज्डच्या मुदतीतच करावं लागतं. माझी ती मुदत गेली होती, म्हणून तुमच्या पिशवीतली या वर्षीची बिलं आजच काढून प्रत्येकावर पेन्सिलीने "घर" की "काम" लिहून ठेवा, अजून आठवतंय तोवर.