ट्रेलरचे ब्रेक लागत नाहीत? कंट्रोलर बदलायच्या आधी हे बघा

पिकअपमागे ट्रेलर लावला, दिवे इंडिकेटर सगळं चालू, पण ब्रेक मारला की ट्रेलर मागून ढकलतोय असं वाटतंय, तर लगेच नवा कंट्रोलर (ड्रायव्हरजवळचा, ट्रेलरच्या इलेक्ट्रिक ब्रेकला करंट देणारा डबा) मागवू नका. मी इथे टेक्सासमध्ये दोन ॲक्सलचा कॅम्पर ओढतो, माझ्याकडचा बिघाड शेवटी एका गंजलेल्या बोल्टखाली सापडला.

आधी एवढंच शोधायचं की बिघाड गाडीत आहे का ट्रेलरमध्ये. ७ पिनचा प्लग काढा, गाडीच्या सॉकेटमध्ये ब्रेकची पिन आणि ग्राउंड यांच्यात मल्टीमीटर धरा आणि घरातल्या कुणाला तरी गेन (ट्रेलरचा ब्रेक किती जोरात लागावा ते ठरवणारं सेटिंग) फुल करून कंट्रोलरचा हाताचा लिव्हर पूर्ण दाबायला सांगा. १२ व्होल्टच्या आसपास यायला हवेत. (कंपनीतूनच बसवून आलेले काही कंट्रोलर ट्रेलर जोडल्याशिवाय व्होल्टेज देतच नाहीत, तेवढं लक्षात ठेवा.)

काहीच आलं नाही तर कंट्रोलरच्या चार वायरी तपासा. काळीला कायम १२ व्होल्ट, पांढरी ग्राउंड, निळी ट्रेलरकडे जाणारी, आणि लालला फक्त पेडल दाबल्यावर व्होल्टेज. लिव्हरने ब्रेक लागतात पण पेडलने नाही, असं असेल तर सरळ लाल वायर पकडा. आधीच्या मालकाने रंग उलटसुलट जोडलेले असू शकतात, म्हणून मीटर सांगेल तेच खरं.

आता १२ व्होल्ट आले म्हणून खूश होऊ नका, मीही इथेच फसलो. मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही, त्यामुळे वायरची एक तार शिल्लक असली तरी तो १२ दाखवतो. हेडलाइटचा जुना ५५ वॅटचा बल्ब त्याच दोन पिनांना लावून लिव्हर दाबा. माझा बल्ब नुसता लालसर मिणमिणला. खाली आडवा होऊन बघितलं तर सॉकेटच्या ग्राउंड वायरचं रिंग टर्मिनल चेसिसला लावलेलं, त्याच्याखाली गंजाचे पापुद्रे, बोटाने हलवलं तर गोल फिरत होतं. पॉलिश पेपरने लोखंड चकचकीत केलं, नवा बोल्ट, वरून ग्रीस, बल्ब लख्ख पेटला.

बल्ब नीट पेटत असेल तर बिघाड ट्रेलरमध्ये. प्लग काढलेलाच ठेवून ट्रेलरवरच्या ब्रेकअवे स्विचची (ट्रेलर गाडीपासून सुटला तर स्वतःच्या बॅटरीवर ब्रेक लावणारा) पिन ओढा, चाकं धरली तर मॅग्नेट (चाकातला ब्रेक लावणारे विद्युतचुंबक) आणि तिथपर्यंतची वायरिंग ठीक आहे, मग प्लगच्या पिना घासा. पिन लगेच परत घाला, नाहीतर बॅटरी उतरते. चाकं धरली नाहीत तर आधी ती बॅटरी चार्ज आहे ना बघा, मग एकेका मॅग्नेटची वायर सोडून ओहम मोजा, १० किंवा १२ इंची ब्रेकला साधारण ३.२ यायला हवेत. शून्याजवळ आलं तर तो मॅग्नेट शॉर्ट, आणि सगळे मॅग्नेट ठीक निघाले तर ॲक्सलच्या नळीतून जाणारी वायर घासून सोललेली असायची शक्यता खूप, ती नळीच्या बाहेरून नवीन ओढा.

सगळं झालं की रिकाम्या पार्किंगमध्ये ताशी २०-२५ मैलांवर लिव्हर दाबत गेन सेट करा, चाकं लॉक होतात त्याच्या जरा खाली.