किनाऱ्यावरच्या जुन्या टेहळणी चौकीचा आवाका कसा मोजावा

युद्धकाळातील एखादी टेहळणी चौकी पाहताना लक्ष जाते ते भिंतींच्या जाडीकडे. परंतु चौकीचे खरे मोल समजून घ्यायचे असेल, तर शत्रू नजरेस पडल्यापासून किनाऱ्याला लागेपर्यंत ती किती वेळ मिळवून देत असे, हे आधी काढावे.

त्यासाठी कड्याची, मजल्याची आणि पहारेकऱ्याच्या डोळ्यांची उंची मिळवून समुद्रसपाटीपासूनची एकूण उंची मीटरमध्ये घ्यावी, तिचे वर्गमूळ काढून ३.८६ ने गुणावे. क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. (हवेतून येताना प्रकाश किंचित वाकतो, तो हिशेब या गुणकात आहे.) डोळे २५ मीटरवर असतील, तर क्षितिज १९.३ किलोमीटरवर येते. जहाजाची डोलकाठी १६ मीटर उंच असल्यास तिचे टोक क्षितिजाच्या आणखी १५.४ किलोमीटर पलीकडून दिसू लागते. म्हणजे जवळजवळ ३५ किलोमीटर, आणि १० नॉट (ताशी सुमारे साडेअठरा किलोमीटर) वेगाच्या जहाजाला एवढे अंतर कापायला दोन तासांना थोडा कमी वेळ लागतो. अर्थात हे स्वच्छ हवेचे गणित आहे. धुरकट हवेत ते निम्म्यावरही येऊ शकते.

एका चौकीवरून फक्त दिशा कळते, ठिकाण कळत नाही, म्हणून जोडीची दुसरी चौकी शोधावी. दोन्हींवरून एकाच क्षणी घेतलेल्या दिशांच्या रेषा नकाशावर जेथे छेदतात, तेथे जहाज असते. मात्र रेषा फार लहान कोनात छेदत असतील, तर एका अंशाची चूकही भारी पडते. अमेरिकेतील डेलावेअरच्या किनाऱ्यावर दुसऱ्या महायुद्धातील काँक्रीटचे मनोरे अंतर राखून उभे आहेत, ते तोफांसाठी हेच मोजमाप करण्याकरिता.

मग इशारा पुढे कसा जाई, ते पाहावे. १५८८ मध्ये स्पॅनिश आरमार आले तेव्हा इंग्लंडच्या किनाऱ्यावर टेकडीमागून टेकडी जाळ पेटत गेले. पण जाळ ‘शत्रू आला’ एवढेच सांगतो, किती आणि कोठे ते नाही. १७९६ मध्ये लंडन ते किनाऱ्यावरील डील या मार्गावर खुणांनी संदेश पाठवणाऱ्या सहा झडपांच्या चौकटी उभारल्या गेल्या. प्रत्येक झडप उघडी किंवा बंद, म्हणून ६४ मांडण्या होत, परंतु धुके पडले की सारे थांबे. त्यामुळे छतावरून पुढची चौकी दिसते का, हे स्वतः उभे राहून तपासावेच.

विमानांसाठी हिशेब निराळा आहे. इंग्लंडच्या केंट परगण्यातील डेंज येथे १९२८ ते १९३० या काळात काँक्रीटचे तीन ध्वनिआरसे, म्हणजे दूरच्या विमानाचा आवाज एकवटणाऱ्या अंतर्वक्र भिंती, बांधले गेले. समजा, २४ किलोमीटरवरील विमानाचा आवाज आला. तो पोहोचायलाच ७० सेकंद लागतात, तेवढ्यात ताशी ४०० किलोमीटर वेगाचे विमान जवळजवळ ८ किलोमीटर पुढे आलेले असते आणि हाती अडीच मिनिटेही उरत नाहीत. रडारच्या लहरी तेच अंतर जाऊन परत येतात सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही आत, आणि म्हणूनच १९३९ पर्यंत तेथील किनाऱ्यावर ‘चेन होम’ रडार केंद्रांची साखळी उभी राहिली.