१ एप्रिलचं बिल ३१ मार्चला गेलं तेव्हा

एआय असिस्टंटकडून कोड कसा लिहून घ्यायचा ते शिकवायला मी बसलेलो नाही, ते तुम्ही करताच. सीएसव्ही वाचायचा पार्सर, फॉर्मचं व्हॅलिडेशन, वीस फाइलींत एका फंक्शनचं नाव बदलणं, टेस्टसाठी खोटा डेटा, असली कामं मी रोज त्याच्यावर ढकलतो आणि मला त्याची काडीचीही लाज वाटत नाही. जीएसटीआयएनचा, म्हणजे व्यापाऱ्याच्या जीएसटी नंबरचा, रेजेक्स (मजकुराचा साचा तपासणारी ओळ) हाताने लिहिण्यात कसली आलीय मर्दुमकी? एकूण १५ अक्षरं. पहिले दोन आकडे राज्याचे (आपले २७, गोव्याचे ३०), पुढे दहा अक्षरी पॅन. दहा सेकंदांत रेजेक्स समोर आला. शेवटचं अक्षर चेकसमचं, म्हणजे आधीच्या अक्षरांवरून हिशेबाने काढलेलं असतं आणि रेजेक्सला ते पडताळता येत नाही, हे मात्र त्याने आपणहून सांगितलं नाही. मी विचारल्यावर म्हणाला, "हो, अगदी बरोबर." हे "अगदी बरोबर" लक्षात ठेवा.

मी एमसीए करून पुण्यात एका छोट्या कंपनीत लागलो. आमचं बिलिंगचं सॉफ्टवेअर आहे, गिऱ्हाईक बरंचसं इचलकरंजीकडचं कापडवालं. मार्च २०२५ मध्ये मला काम मिळालं ते असं: बिलाची तारीख आपोआप आजची येते, ती हाताने निवडता आली पाहिजे. लोक माल आज पाठवतात आणि बिलं दोन दिवसांनी एकगठ्ठा टाकतात, म्हणून. अर्ध्या दिवसाचं काम. असिस्टंटने कोड दिला, टेस्टही दिल्या. लॅपटॉपवर चालवल्या तर एक लाल, म्हणजे फेल. अपेक्षित १५ मार्च, मिळाली १४ मार्च.

इथे मी जे केलं ते सावकाश वाचा, कारण तुम्हीही हेच कराल. मी एरर उचलली, चॅटमध्ये डकवली आणि लिहिलं: "टेस्ट फेल होतेय, फिक्स कर."

त्याने केली. टेस्टच्या सेटअप फाइलमध्ये एक ओळ घातली: टाइमझोन यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. सगळं हिरवं.

त्याचं काही चुकलं नव्हतं. मी टेस्ट दुरुस्त करायला सांगितली, त्याने टेस्ट दुरुस्त केली. खरा घोळ कोडमध्ये होता. कॅलेंडरमधून १५ मार्च निवडली की ब्राउझरच्या हातात येते १५ मार्चची मध्यरात्र, आपल्या वेळेची. कोड त्यावर टूआयएसओस्ट्रिंग चालवून पहिली दहा अक्षरं कापत होता. हे फंक्शन वेळ आधी यूटीसीत नेतं. आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे आपली मध्यरात्र तिकडे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसहा. तारीख एक दिवस मागे. न निवडता आपोआप आलेल्या तारखेत मात्र चालू वेळ असते. सकाळी अकरा वाजता बिल केलं तर यूटीसीतही दिवस तोच राहतो. म्हणून रोजची बिलं बरोबर आणि हाताने तारीख निवडलेलीच तेवढी चुकीची. छापील प्रतीवरही तारीख बरोबर, कारण प्रिंट थेट फॉर्मवरून निघायची. आणि आमचा सीआय सर्व्हर (प्रत्येक बदलावर टेस्ट आपोआप चालवणारा) यूटीसीवरच चालतो, त्यामुळे ती ओळ नसती तरी तिथे सगळं हिरवंच दिसलं असतं. आख्ख्या साखळीत खरं बोलणारी एकच गोष्ट होती, माझ्या लॅपटॉपवरची ती लाल टेस्ट. तिचं तोंड मी बांधलं.

अजून एक सांगायचं आहे, आणि ते लिहायला मला जड जातंय. आमच्या सीनियर मॅडमनी पीआरमध्ये, म्हणजे कोड तपासायला पाठवतात तिथे, त्या ओळीवर दोनच शब्द लिहिले होते: "हे कशाला?" मी तो प्रश्नसुद्धा असिस्टंटला डकवला. "सर्व एन्व्हायर्नमेंटमध्ये टेस्ट सारख्या चालाव्यात म्हणून" असं सफाईदार उत्तर आलं, ते जसंच्या तसं खाली चिकटवलं. मॅडमनी अप्रूव्ह केलं. त्यांना वाटलं, पोराने विचार केलाय.

९ एप्रिलला एका व्यापाऱ्याच्या अकाउंटंट काकांचा फोन आला. मार्चचा जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीच्या बिलांचं जीएसटी विवरणपत्र, भरायची मुदत ११ तारखेची. "अहो, तुमच्या मार्चच्या यादीत नव्या वर्षाच्या सिरीजची बिलं कशी? एक नंबर, दोन नंबर, ही तर एप्रिलची." १ एप्रिलची तारीख निवडून टाकलेली सगळी बिलं ३१ मार्चला, म्हणजे मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसली होती.

घाबरू नका, नोकरी गेली नाही. मॅडमही ओरडल्या नाहीत. "तो खुलासा तुझा होता का?" एवढंच विचारलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"शंभर जादुई प्रॉम्प्ट" अशा पीडीएफ विकणाऱ्यांवर माझा राग आहे तो यासाठी. त्यातला कुठला प्रॉम्प्ट मला वाचवणार होता? मला प्रॉम्प्ट येतच होता. मला लाल रंग सहन होत नव्हता. आणि आठवडाभर रील टाकून मेंटॉर म्हणवून घेणाऱ्यांपेक्षा रिव्ह्यूत "हे कशाला?" विचारणारी एक व्यक्ती धरून ठेवा. तिला उत्तर स्वतःच्या वाक्यात द्या, मोडकंतोडकं चालेल. ते वाक्य जुळत नसेल तर ती ओळ मुख्य कोडमध्ये मर्ज करू नका.

टेस्ट फेल झाली की आता मी "फिक्स कर" लिहीत नाही. "कोडला हात लावू नकोस, टेस्टलाही नको, फक्त का फेल होतेय ते सांग" असं लिहितो. मग डिफ, म्हणजे कुठल्या फाइलीत काय बदललं ते, बघतो. डिफमध्ये टेस्टची किंवा सेटअपची फाइल दिसली की थांबतो, चहाची वेळ असली तरी. आमच्या टेस्ट हल्ली सीआयवर दोनदा चालतात, एकदा यूटीसीत आणि एकदा कोलकात्याच्या टाइमझोनवर. तुमचं काम तारखांचं नसेल तर हे तुमच्या उपयोगाचं नाही, सोडून द्या.

कोड दुरुस्त व्हायला वीस मिनिटं लागली. डेटाबेसमध्ये साठलेल्या तारखांचं काय? हिशेब मी कागदावर मांडला: पुढची तारीख निवडता येतच नाही, तेव्हा बिलाची तारीख आणि एंट्रीची तारीख सारखी असेल तर बिल ठीक, बिलाची मागची असेल तर ती एक दिवस पुढे करायची. डेटाबेसची क्वेरी मुद्दाम हाताने लिहिली, पाच ओळींना दीड तास लागला. चालवण्याआधी असिस्टंटला दाखवली: "यात काय चुकलंय तेवढं शोध." त्याने लगेच दाखवलं, की एंट्रीची वेळ आमच्याकडे यूटीसीत साठते आणि मी ती तशीच वापरली होती. रात्री बारा ते साडेपाचच्या मधली बिलं सुटली असती. वर्षअखेरीला रात्री बारानंतर बिलं टाकणारे व्यापारी आमच्याकडे आहेत. तीच साडेपाच तासांची चूक, आणि या वेळी ती माझ्या हातची होती.

१० तारखेला दुपारी काकांना नवी यादी पाठवली. त्यांनी तपासली, ठीक आहे म्हणाले. फोन ठेवता ठेवता विचारलं, "एक एप्रिलची कळली मला, सिरीज बदलली म्हणून. पण मार्चमधलीच, वीसची एकोणीसला गेलेली, तीही सरळ केलीत ना?"

केली होती. तरी मी त्यांना "थांबा" म्हणालो आणि पुन्हा एकदा मोजून पाहिली.